मुंजाची बायको

आमच्या घराण्याला एक मुंजा आहे. शेताच्या बांधावर पिंपळाखाली गुडघ्याएवढा दगड, त्याला शेंदूर, समोर फुटक्या नारळाच्या करवंट्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं लग्न न होता जवान गडी मेला की तो मुंजा होतो, झाडावर राहतो. घरात कोणाचं लग्न निघालं की त्याला राग येतो. माझं राहिलं आणि तुमचं चाललं, म्हणून तो विघ्न आणतो. म्हणून लग्नाआधी त्याला जेवू घालायचं. त्याच्या जागी एक लहान पोरगं बसवायचं, त्याला नवे कपडे घालायचे, आणि मुंजाच्या आईनं ताटाभोवती पहिलं पाणी फिरवायचं. तिनं पाणी फिरवल्याशिवाय घास उचलायचा नाही. लहानपणी भाऊबंदांच्या लग्नांत मीसुद्धा मुंजा म्हणून जेवलो आहे. पुरणपोळी चांगली असायची, हे कबूल करतो.

हा मुंजा म्हणजे माझा काका. राम. फौजेत होता. नव्व्याण्णव साली कारगिलच्या लढाईत गेला आणि तिरंग्यात गुंडाळून घरी आला. तेवीस वर्षांचा होता. मी तेव्हा रांगणं सोडून नुकता पळायला लागलो होतो, मला त्याचं काहीच आठवत नाही. गावच्या फाट्यावर त्याच्या नावाची कमान आहे, शाळेत फोटो आहे. दर सव्वीस जानेवारीला माझ्या बापाचा थोरला भाऊ वामनराव, आमचे मोठेबाबा, शहिदाचे बंधू म्हणून पहिल्या रांगेत बसतात आणि शाल घेतात. शाली ठेवायला आता कपाट पुरत नाही.

सगळं खरं आहे. एकच गोष्ट खोटी आहे. रामकाकाचं लग्न झालं होतं.

हे काही गुपित नाही. गावात शेंबड्या पोराला माहीत आहे, फक्त बोलत कोणी नाही. त्याच्या बायकोचं नाव सिंधू. आमच्या घरामागच्या आळीत परटाचं घर होतं, त्यांची पोरगी. आमचं घर माळ्याचं, विहीर-बागाईत असलेलं, म्हणजे नाक वर. राम सुट्टीवर आला की वर्दीला इस्त्री करायला परटाकडं जायचा. तिच्या हातची घडी त्याला पसंत पडायची नाही. तो तिच्या हातातून इस्त्री घ्यायचा आणि स्वतःच पँटची घडी मारून दाखवायचा, म्हणे अशी घडी पाहिजे की तिच्यावर बोट कापलं पाहिजे. आता फौजी माणसाला चार घरं सोडून रोज रोज इस्त्री का लागते, हे गावाला कळत होतं. आमच्याच घराला उशिरा कळलं.

त्या साली एप्रिलमध्ये सुट्टीवर आला तेव्हा त्यानं महादेवाच्या देवळात तिच्या गळ्यात काळे मणी बांधले आणि तिला सरळ घरी घेऊन आला. मोठेबाबांनी दार लावून घेतलं. तेव्हा आजीनं, म्हणजे रामच्या आईनं, रुखमाबाईनं, मागच्या बाजूनं गोठ्यात नेऊन सुनेला कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. म्हशीच्या दावणीजवळ. आमच्या घराण्यात एवढंच स्वागत झालं तिचं. राम म्हणाला, युनिटात गेलो की हिचं नाव चढवतो, क्वार्टर मिळाला की घेऊन जातो. तो गेला आणि लढाई लागली.

पेटी आली तेव्हा अख्खा तालुका लोटला होता. सिंधू धावत आली तर आमच्या भाऊबंदांच्या बायांनी तिला लिंबाखाली धरून ठेवलं. सोबत आलेल्या फौजी साहेबानं विचारलं, "शादी हुई थी?" मोठेबाबा म्हणाले, "नहीं साहब, कुंवारा था." साहेबानं तरी आजीकडं वळून विचारलं, "माताजी, बहू है घर में?" आजीनं तोंडावर पदर घेतला. लोक म्हणाले, बिचारी, पोराच्या दुःखानं बोलवेना.

परटाच्या घरी नंतर कोणी गेलं नाही. आमच्याकडं नवरा मेला तर बाईच्या बांगड्या फोडायला तरी चार बाया जातात. सिंधूच्या बांगड्या फोडायलासुद्धा कोणी गेलं नाही. तिनं त्या एकटीनं काढल्या.

मग दिवाळीनंतर चुलत घराण्यात लग्न होतं, तिथला मांडव वावटळीत पडला. भगतानं सांगितलं, कुंवारा गेला, मुंजा झाला. मोठेबाबांनी दुसऱ्याच दिवशी दगड बसवला. माणसांची साक्ष उद्या फिरेल, पण देवाची साक्ष कोण फिरवणार? पेन्शन आजीच्या नावानं आली आणि कुठं गेली ते आमच्या घरात कोणी सांगणार नाही, मीही विचारलं नाही. ते पैसे मीही खाल्ले आहेत.

परटाचं घर वर्षभरात गाव सोडून जवळच्या धाड या बाजारगावी गेलं. सिंधूबाई आता तिथं बाजारगल्लीत इस्त्रीचं दुकान चालवते. मी धाड-बुलडाणा जीप चालवतो. कधी कधी ती माझ्याच गाडीत बसते. मी भाडं घेत नाही, ती सीटवर ठेवून उतरते. मी तिला काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो, पण आरशातून मागं बघून "बसा" एवढंच म्हणतो.

यंदा माझ्या बहिणीचं, काजलचं लग्न ठरलं. काजल बुलडाण्याला दवाखान्यात नर्स आहे. तिनं स्वतःच पोरगा पसंत केला, सहदेव. जातीनं सुतार. घरात कुऱ्हाडी निघतील असं मला वाटलं होतं. पण सहदेव तलाठी आहे. मोठेबाबांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता जमाना बदलला, गोकुळ. जातपात कोन पाह्यते?"

गोकुळ म्हणजे माझा बाप. तो आयुष्यभर मोठ्या भावाकडं बघूनच मान हलवत आला आहे. तेव्हाही हलवली.

आजी बाजेवर पडली होती. तिनं विचारलं, "कोनाचं पोरगं म्हनला वामन?"

"सुताराचं, माय. पन तलाठी हाय."

"बरं हाय," आजी म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून झोपली. त्या दिवसापासून ती कोणाशी धड बोलेना. आम्हाला वाटलं, वय झालं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागायच्या आधी, भर दुपारी सगळे शेतात जमलो. पिंपळाखाली सतरंज्या टाकल्या. पुरण झालं होतं, भात झाला होता. भाऊबंदातलं एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं नव्या शर्टात मुंजा म्हणून पाटावर बसलं होतं आणि भज्यांकडं टक लावून होतं. ताट वाढलं. मोठेबाबांनी आजीच्या हातात तांब्या दिला.

आजीनं तांब्या मांडीवर ठेवला.

"माय, पानी फिरव."

"कोनासाठी?"

"मुंजासाठी व. आनखी कोनासाठी?"

"मुंजा कोन हाय?"

मोठेबाबा सगळ्यांकडं बघून हसले. "बुढी भुलली."

"मी नाही भुलली, तू भुलला. माया रामाचं लगन झालं होतं. सिंधूची ओटी म्या भरली, या हातानं. लगन झालेला गडी मुंजा कसा होते, हे सांग मले पह्यले. मंग फिरवतो पानी."

माझी चुलत चुलती वच्छलाबाई पोळ्यांवरचं फडकं उगाच सारखं करायला लागली.

"माय, आज दिवस कोनता हाय..."

"तेच म्हनून राह्यली मी. दिवस कोनता हाय! सुताराचा जवाई चालते तुमाले. परटाची सून काऊन चालत नव्हती? तो तलाठी हाय म्हनून? माया पोरानं जीव देला, तरी त्याच्यापरीस तलाठी मोठा झाला?"

काजल पिवळ्या साडीत उभी होती. ती बापाजवळ गेली. "पप्पा, आजी म्हनते ते खरं हाय ना? सांगा ना आता."

माझा बाप वरणाच्या बादलीत बघत राहिला. बादलीत काही पडलं असावं, असं.

"जोवर सून येत नाही तोवर मी पानी फिरवत नाही," आजी म्हणाली. "बसू द्या पोराले उपाशी."

मोठेबाबांनी मला बाजूला घेतलं. "सागऱ्या, गाडी काढ. घेऊन ये तिले. मागच्या पांदीनं आन, गावातून नको. दगडाच्या पाया पडन, बुढीचं समाधान होईन. एक लुगडं देऊन टाकू."

मी निघालो. खोटं कशाला बोलू, वाटेत मला बरं वाटत होतं. मला वाटत होतं मी काहीतरी चांगलं करायला चाललो आहे.

धाडला आठवडी बाजार होता. गल्लीत मेथीचे ढीग, चपलांची दुकानं, एक माणूस उंदरांचं औषध ओरडून विकत होता. सिंधूबाई कोळशाच्या इस्त्रीनं धोतर दाबत होती. लाईट गेली होती. मी पुढं उभा राहिलो.

"शर्ट द्याचा असंल तर ठेव," ती म्हणाली. "संध्याकाळी भेटन."

"नाही. आजीनं बोलावलं. शेतात. काजलच्या लग्नाचा मुंजा जेवते, तर आजी म्हनते, सून आल्याशिवाय..."

तिनं इस्त्री ठोकळ्यावर उभी केली. "मुंजाच्या बायकोले आवतन! कोनत्या शास्त्रात हाय बे हे?"

शेजारचा चपलावाला हसला. मग त्याचंच त्याला कसंतरी वाटलं असावं, तो चपला मांडायला लागला.

"वामनरावानं काय म्हटलं?"

मी चपलावाल्याकडं बघितलं.

"सांग. मले आयकू दे."

"मागच्या पांदीनं आन म्हटलं. पाया पडन, लुगडं देऊ."

"अन् तू निंगाला. शाबास." तिनं धोतराची घडी पूर्ण केली, एकावर एक नीट लावली. "येवढी वर्षं गेली, मी कोनाच्या दारात आली नाही. आता तुमची पोरगी उजवाची हाय, त्यात इघ्न येऊ नये, म्हनून मी पाह्यजे. मी माया नवऱ्याची बायको होती हे सांगाले नाही बोलावून राह्यले तुमी. त्यानं तुमाले तरास देऊ नये म्हनून बोलावून राह्यले."

मी म्हणालो, "आजीचं तसं नाही."

"तुई आजी मले माहीत हाय. तिनं कुंकू लावलं तेही माहीत हाय, अन् पदर घेतला तेही." तिनं इस्त्रीतले निखारे घमेल्यात काढले, वर राख टाकली. "चाल. पन पांदीनं नाही. गावातून चाल. त्याच्या कमानीखालून."

ती पुढच्या सीटवर बसली. कमान आली तेव्हा मी उगाच गाडी हळू केली. ती म्हणाली, "थांबू नको."

शेतात पोचलो तर सगळे तसेच. पोरगं रडकुंडीला आलं होतं. मोठेबाबा हातात लुगडं घेऊन पुढं आले, चेहऱ्यावर सव्वीस जानेवारीचं हसू. "या बाई, या. बसा. सावलीत बसा."

"बाई?" ती म्हणाली.

मोठेबाबांनी लुगडं या हातातून त्या हातात घेतलं.

ती त्यांना ओलांडून आजीसमोर गेली. पाया पडली नाही. दगडाकडं बोट केलं. "आत्याबाई, हा कोन हाय?"

आजी म्हणाली, "दगड हाय, माय."

"मंग सब्बल द्या कोनीतरी."

तिनं पहार मागितली तेव्हा ती काय करणार हे लोकांच्या लक्षात आलं. वच्छलाबाई "अगं बया" म्हणून मागं सरकली. मोठेबाबा ओरडले, "ए, खबरदार! देव हाय तो! उद्या लगन हाय पोरीचं!" पण ओरडले जागेवरून. जवळ कोणी गेलं नाही. मुंजाचा दगड हलवला तर घर बसतं, असं आम्हीच इतकी वर्षं सांगत आलो होतो.

ती माझ्याकडं वळली. "तुया गाडीत टामी असंल ना?"

होती. चाक खोलायची लोखंडी टामी, सीटखाली. मी चारचौघांत छाती ठोकून सांगणारा माणूस आहे की देवबिव काही नसतं. जीपमधल्या लोकांशी भांडलो आहे त्यावरून. पण बहीण समोर पिवळ्या साडीत उभी होती आणि उद्या तिचं लग्न होतं. मी हललो नाही. आणि जर खरंच काही झालं तर? माझ्या डोक्यात एवढंच. त्या बाईचं आयुष्य माझ्यासमोर उभं होतं आणि माझ्या डोक्यात हे.

तिनं क्षणभर वाट पाहिली. मग स्वतः गाडीकडं गेली, सीट उचलली, टामी घेऊन आली. पदर कमरेला खोचला आणि दगडाच्या बुडाशी माती उकरायला लागली. उन्हाळ्याची माती, दगडासारखी टणक. टामी घसरायची, तिचे हात सोलायचे. पन्नाशीला टेकलेली बाई. आम्ही पंधरा-वीस धडधाकट माणसं, सतरंजीच्या कडेला उभी. आजी उठायला धडपडली, तिला वच्छलाबाईनं दाबून धरलं.

दगड एकदम नाही निघाला. आधी हलला, मग कलला, मग आडवा पडला. खाली शेंदराचे ओघळ आणि मुंग्या, दुसरं काही नाही.

तिनं टामी टाकली. धापा टाकत म्हणाली, "माया नवरा मले मनिऑर्डर करनार होता लगनानंतरच्या पह्यल्या पगारातून. चांदीचे जोडवे घ्याले. असा मानूस मुंजा होत नसते." मग पाटावरच्या पोराकडं बघितलं. "जेव रे बाबू. कोनाच्या तोंडाकडं पाहू नको. भूक लागली असंल."

पोरानं भजं उचललं.

ती चालत निघाली. मी मागं धावलो, "सोडून देतो ना," म्हणालो. ती म्हणाली, "तुया गाडीत नाही बसत आता." आणि बांधाबांधानं रस्त्याला लागली.

काजल माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "दादा, तू काऊन नाही उपटला?"

"तुयाच लग्नाची भीती वाटली."

"मले इचारलं होतं का?" ती म्हणाली. मग खाली पडलेल्या टामीकडं बघत राहिली; ती उचलायला तिलाही कोणी अडवलं नव्हतं.

आता लोक घरी जातील असं वाटलं. पण आजी उठली, काठी टेकत दगडाच्या खड्ड्यापाशी गेली आणि त्यातच बसली. "आता बसवाचा असंल तर माया डोक्यावर बसवा."

मोठेबाबांनी आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग घड्याळ बघितलं. हळदीला सुताराकडचे लोक येणार होते. त्यांनी माझ्या बापाला आणि मला खूण केली. "उचला तिले. गाडीत टाका."

आम्ही उचललं. मी पायाकडून, बाप खांद्याकडून. वाळल्या तुरीच्या पेंडीएवढं वजन. ती ओरडली नाही, हातपाय झाडले नाहीत. फक्त माझ्या बापाला म्हणाली, "गोकुळ, तू बी का रे?" बापानं मान खाली घातली, पण हात सोडले नाहीत. मीही सोडले नाहीत.

गाडी वळवताना आरशात दिसलं. मोठेबाबांनी हातांना टॉवेल गुंडाळले होते आणि दगड लोटत खड्ड्याकडं नेत होते. एकटेच. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं.

आजी म्हणाली, "घरी नको. धाडले चाल."

"आजी, हळद हाय."

"तुमची हाय. मले सिंधूकडं सोड."

मी सोडलं. सिंधूबाई आमच्या आधी पोचली होती, कोणाच्या तरी मोटारसायकलवर. सोललेल्या हाताला फडकं गुंडाळून निखारे फुंकत होती. आजीला धरून उतरवताना बघून म्हणाली, "हे काय आनलं?"

आजी म्हणाली, "मले राहू दे इथं. लगन होईस्तोवर."

"काऊन? वामनरावाले दाखवाले?"

"नाही व. मले कोनी इचारलं त सांगता आलं पाह्यजे म्हनून. तवा त्या साहेबानं येवढ्या चांगल्यानं इचारलं होतं."

सिंधूबाई फुंकायची थांबली. "माफीबिफी मी करनार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"मी मागतली का?"

बाजारात उंदराच्या औषधवाल्याचा आवाज तेवढा चालू होता. शेवटी सिंधूबाईनं स्टूल पुढं सरकवलं. "बसा. कोळशापासून दूर बसा, लुगडं जळन."

मी घरी आलो आणि हळदीत नाचलो. हो, नाचलो. भाऊ नाचला नाही तर लोक विचारतात.

दुसऱ्या दिवशी बुलडाण्याच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. विघ्न काही आलं नाही. मोठेबाबा ज्याला त्याला सांगत होते, रामाचा आशीर्वाद आहे. पत्रिकेवरही सगळ्यात वर तेच छापलं होतं. दारात अत्तर लावायला मी उभा होतो. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "बुढी दिसत नाही?" नातीच्या लग्नात आजी नाही म्हटल्यावर विचारणारच. मोठेबाबा म्हणायचे, "तब्येत नरम हाय, सलाईन लावली." आणि मी? मी अत्तर लावता लावता तेच म्हणायचो. पहिल्यांदा म्हणताना अडखळलो. नंतर जीभ सरावली. पाहुण्याच्या मनगटाला फाया लावायचा, हसायचं, "सलाईन लावली" म्हणायचं. इतकं सोपं असतं ते. मोठेबाबांना नव्व्याण्णव साली असंच सोपं गेलं असेल.

पंगत बसली. माझे मामा माणिकराव उशिरा आले, भोकरदनकडून, धाडमार्गे. आवाज असा की बाहेर वाजणारा बँडही त्यांच्यापुढं मागं पडायचा. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. नवरदेवाच्या आईबापाशेजारीच पाटावर बसले. मोठेबाबा आग्रह करत फिरत होते.

"वामनराव, बुढी कशी हाय?" मामांनी विचारलं.

"सलाईन चालू हाय हो. काय करता, वय झालं."

"सलाईन?" मामांचा हात जिलबीवर थांबला. "अहो मी आत्ता धाडहून आलो. बसमंदी शर्टाचा चुराडा झाला म्हनून गल्लीत प्रेस कराले थांबलो, तर बुढी तथी स्टुलावर बसून चहात खारी बुडवून राह्यली! मी म्हटलं, मावशी, नातीचं लगन अन् तुमी अथी? त म्हने, मी सुनेकडं आली. चांगली ठणठणीत हाय. चपलावाल्याले बी तेच सांगून राह्यली होती, माई सून हाय हे. मले म्हने, तुमी बी सांगजा लग्नात."

सहदेवची आई साधी बाई. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं वर बघून विचारलं, "कोनत्या सुनेकडं हो? तुमच्या सुना त साऱ्या इथंच दिसतात."

मोठेबाबा हसले. "अहो, म्हातारपन हाय. बरळते."

माझा बाप भात वाढत होता. हातात मोठा झारा, कमरेशी पातेलं. तो पाटांच्या मधोमध थांबला. मला वाटलं, तो पातेल्यात बघेल. त्यानं बघितलंही. मग मान वर केली, आणि मोठ्या भावाकडं न बघता, थेट त्या बाईकडं बघून बोलला. आवाज इतका घोगरा की मी दारातून दोन पावलं पुढं आलो.

"रामाची बायको. माया धाकल्या भावाची. सिंधू नाव हाय तिचं. त्याचं लगन झालं होतं, आमी झालं नाही म्हनून सांगतलं. लाज वाटे म्हनून. परटाची होती."

सहदेवच्या आईच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"भात वाढू का थोडा?" बापानं विचारलं. झारा तिरका झाला, शितं तिच्या साडीवर पडली.

तिनं पुष्कळ वेळानं ताट पुढं केलं.

मोठेबाबा बाहेर येऊन बँडवाल्यावर ओरडले, "वाजव बे! थांबला काऊन?" बँडवाला त्यांच्याकडं बघत राहिला. तो थांबलाच नव्हता.